भुतांचा भाव

आमच्या घरात भुतं आहेत हे मी पाहुण्यांपासून कधी लपवलेलं नाही. दुसऱ्या बेडरूममधल्या पलंगाखाली हिरवी लोखंडी ट्रंक आहे. तीत भुतं राहतात आणि पाहुणे त्यांच्या वरच्या मजल्यावर झोपतात. 'हाउस ऑफ मिस्टरी', 'हाउस ऑफ सिक्रेट्स', 'द विचिंग अवर', 'घोस्ट्स' ही डीसी कंपनीची रंगीत मंडळी वरच्या थरात. त्याखाली वॉरन कंपनीची कृष्णधवल 'क्रीपी' आणि 'ईरी'. तळाशी मराठी इंद्रजाल कॉमिक्स आणि 'चांदोबा'चे सुटे अंक. सत्तरच्या दशकात मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर हा माल रुपया-दीड रुपयाला मिळायचा. गिरगावातून चालत गेलं की बसचे पैसे वाचायचे, आणि आठवड्याच्या वाचलेल्या पैशांत एक पिशाच्च यायचं.

"बाबा, ह्याला पैसे येतात. चांगले येतात," असं मुलगी परवा म्हणाली. बायकोने त्यातलं "येतात" ऐकलंच नाही. तिला एवढंच कळलं, की ट्रंक जाऊ शकते.

आम्ही आता राहतो ते होसकोटे हे गाव भुतांना तसं मानवणारं नाही. बंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर, एका अंगाला व्होल्वोचा कारखाना, दुसऱ्या अंगाला गोदामं, आणि पहाटे चारला बिर्याणीची रांग. भुतांच्या फिरायच्या वेळी इथे शहरातून आलेल्या मोटारी पार्किंग शोधत फिरत असतात. मराठी माणसाला मात्र ह्या गावात रात्री दचकायचा ऐतिहासिक हक्क आहे. ऑगस्ट १७६८मध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी इथे पडली होती. तिच्यावर हैदर अलीने रात्री छापा घातला. मुराररावांनी हुकूम सोडला: आपल्यातल्या कोणी घोड्यावर बसायचं नाही, अंधारात घोड्यावर दिसेल तो शत्रू. एका जखमी हत्तीने साखळदंड तोडला आणि तोच सोंडेत धरून डावीउजवीकडे फिरवत तो हैदरच्या घोडदळात घुसला. छापा फसला. एवढी तयार चित्रकथा गावात पडलेली असून माझ्या ट्रंकेत तिच्यावर एकही अंक नाही. संग्रहातली ही फार मोठी उणीव आहे, पण भाव ठरवणारे लोक ती धरत नाहीत.

ते काय धरतात हे मी मुलीच्या लॅपटॉपवर शिकून घेतलं. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट नावाच्या गृहस्थांनी १९७० साली जुन्या कॉमिक्सच्या दरांचं पुस्तक काढलं आणि अमेरिकेतल्या घरोघरच्या माळ्यांवर एकदम मोल चढलं. पुढे २००० साली सीजीसी नावाची कंपनी निघाली. ती अंकाला अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते, आणि मग तो कडक पारदर्शक पेटीत कायमचा बंद करते. आपल्याकडे मांत्रिक भूत बाटलीत घालून बूच मारायचे तसंच. फरक एवढाच, की आपल्याकडे बाटली नदीत सोडत, इथे बूच मारल्यावर भाव वाढतो. पेटी फोडून अंक वाचला की गुण गेले. म्हणजे सगळ्यांत महाग भूत कुठलं? ज्याला आजवर कोणी घाबरलेलं नाही आणि पुढेही घाबरू शकणार नाही, ते.

हे शास्त्र मला मान्य नाही. भयकथा चांगली उतरली होती की नाही, ह्याचा पुरावा कागदावरच असतो. माझ्या 'विचिंग अवर'वर दुधाच्या पेल्याचं वर्तुळ आहे. धाकटा भाऊ शेवटच्या पानावर पोचला, पेला अंकावर आपटला आणि आईकडे पळाला. दोष. एका 'घोस्ट्स'मधली दोन पानं त्यानेच स्टेपलरने एकमेकांना जोडून टाकली आहेत, आतली बाई बाहेर येऊ नये म्हणून. पिना गंजल्या आहेत. दुहेरी दोष. ओल्या हाताचे ठसे, मुडपलेले कोपरे, दिवे गेले तेव्हा मेणबत्तीचं पडलेलं मेण, सगळ्याला गुण वजा. लेखकाने आणि चित्रकाराने ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते जिथे जिथे साधलं तिथे तिथे भाव पडलेला.

वडिलांनी तर भाव मुळापासूनच उपटला. पुस्तक म्हटलं की ते बाइंड केलेलं असावं, असं मानणाऱ्या पिढीतले ते. सुट्टीत पुण्याला गेलो की आप्पा बळवंत चौकातल्या बाइंडरकडे चोवीस-चोवीस अंकांचा गठ्ठा जायचा. बाइंडर तो तिन्ही बाजूंनी करकरीत कापायचा, रेक्झिनचा पुठ्ठा घालायचा आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत 'इंद्रजाल – खंड २' असं छापून द्यायचा. वरच्या ओळीतल्या पात्रांचे केस उडाले, खालच्या ओळीतल्यांचे पाय. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४चा, किंमत साठ पैसे, आणि पहिले बत्तीस अंक नुसते वेताळाचे. ते सुट्या अवस्थेत कोणाकडे असले तर तो माणूस फोनवर आवाज खाली आणून बोलतो. माझ्याकडे आहेत, पण खंडांत. बंगळुरूहून आलेल्या एका व्यापाऱ्याने खंड १ हातात घेतला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि समाचाराला आल्यासारखा चेहरा करून खाली ठेवला. शिवाय त्याच्या मते वेताळ हॉररमध्ये बसत नाही. आरवलीच्या वेतोबाला रात्री गावात फिरून चपला झिजतात म्हणून नव्या चपला वाहणाऱ्या माणसांना हे सांगून पाहावं.

आजीचं प्रकरण वेगळं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं कळत. 'हाउस ऑफ सिक्रेट्स'चा ९२वा अंक, १९७१चा. लेन वीन आणि बर्नी राइटसन ह्यांचा 'स्वॅम्प थिंग' हा दलदलीतला प्राणी ह्यात पहिल्यांदा अवतरला, म्हणून जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. मुखपृष्ठावर एक बाई केस विंचरत बसली आहे आणि मागून तो प्राणी येतो आहे. आजीने लाल शाईचा टाक घेतला आणि बाई आणि प्राणी ह्यांच्या बरोबर मधल्या जागेत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: श्रीराम. बाई वाचली. मग आजीने उरलेल्या बायकांकडेही लक्ष दिलं. जिथे जिथे कोणी सापडण्याच्या बेतात आहे, तिथे तिथे श्रीराम. जिथे भूत एकटंच आहे, तिथे त्याच्या कपाळावर.

गुणांच्या तक्त्यात 'मुखपृष्ठावर लिखाण' हा मोठा अपराध आहे. चित्रकाराने साक्षीदारासमोर सही केली तर मात्र पेटीवर पिवळी चिठ्ठी लागते आणि किंमत चढते. आजीने लिहिलं तेव्हा साक्षीला मी एकटाच होतो आणि रडत होतो. पण ज्या शहराच्या वेशीवर मी राहतो, त्याने तरी आजीला हसू नये. नव्वदच्या दशकात बंगळुरूत अफवा उठली होती, की रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात दार वाजवते. लोकांनी दारांवर, भिंतींवर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहून ठेवलं. ती वाचायची, परत जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायची. सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या लोकांनाच सुचावा असा उपाय.

आता हे सांभाळायचं कसं? स्वस्त न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल सुटतं, कागद बिस्किटासारखा तुटतो. म्हणून अंधार हवा, थंडावा हवा, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा हवा आणि अंगात मायलरची पिशवी. साधी पीव्हीसी चालत नाही, तिच्यातून द्रव्यं पाझरतात. चिकटपट्टी तर घरातच नको. कोकणातल्या दमटपणापुढे होसकोट्याची हवा उत्तम, पण कसर आणि वाळवी ह्यांना राज्यांच्या सीमा नसतात. आजी पोथ्यांत वेखंड ठेवायची. बायकोने ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्यामुळे कसर राहिली आणि पाहुणे कमी झाले. मी मायलर मागवलं तेव्हा पार्सलचं बिल पाहून ती म्हणाली, "अहो, माझ्या पैठणीला तुम्ही कधी साधी मलमल आणली नाहीत." ह्या विषयावर पुढे बोलणं झालं नाही.

ह्या सगळ्या भुतांचे पूर्वज म्हणजे ईसी कंपनीची 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' आणि तिची भावंडं, १९५० साली सुरू झालेली. पोरं बिघडतात असा गिल्ला झाला, डॉक्टर फ्रेडरिक वर्थमनी पुस्तक लिहिलं, आणि एप्रिल १९५४मध्ये प्रकाशक विल्यम गेन्स अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे बसला. कुऱ्हाड आणि बाईचं तुटलेलं मुंडकं असलेलं मुखपृष्ठ दाखवून विचारलं गेलं, हे सुरुचीला धरून आहे का? त्याने सांगितलं, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं जरा वर धरून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर नसतं. त्याच वर्षी कॉमिक्स कोड ही नियमावली आली आणि ईसीची भुतं गाडली गेली. गेन्सने मात्र प्रत्येक अंकाच्या दहाबारा कोऱ्या प्रती बांधून ठेवल्या होत्या, त्या कित्येक वर्षांनी संग्राहकांना विकल्या गेल्या. त्याच्या घरी आजी नसावी.

ती लाट आपल्यापर्यंतही आली. ब्रिटनने १९५५ साली कायदा केला, पाठोपाठ १९५६ साली आपल्या संसदेने तरुणांना अपायकारक प्रकाशनांपासून वाचवणारा कायदा केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य, किळसवाण्या किंवा भयंकर घटना ह्यांच्या गोष्टी, चित्रांसह असोत की चित्रांविना, तरुणाला विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि तरुण म्हणजे कोण? वीस वर्षांखालचा. म्हणजे अठराव्या वर्षी खासदार निवडून देता येतो, पण भूत विकत घ्यायला दोन वर्षं थांबायचं. एकंदर परिणाम वाचणाऱ्याला बिघडवणारा असावा, अशी एक अट आहे खरी. ती मी बायकोला वाचून दाखवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अट पूर्ण होते असं मत दिलं.

तरीही गिऱ्हाइकं आली. रद्दीवाल्याने काटा आणला आणि ट्रंक धरून वजन सांगितलं. त्याचा खरा रस ट्रंकेतच होता. कोणी रविवारी पहाटे बिर्याणी खाऊन सहा वाजता थेट दारात यायचे. "हात धुतलेत का?" हा माझा पहिला प्रश्न असे. टिश्यूने पुसलेल्या हातांना 'क्रीपी'ला लावू देण्याची माझी तयारी नव्हती, मग भाव कितीही येवो.

त्यात एक कॉलेजातला मुलगा आला. हात धुतलेला, पानं कडेने उलटणारा. ९२वा अंक पाहून त्याचा श्वास अडकला. लाल शाई पाहूनही आकडा बरा बोलला. मी वय विचारलं. एकोणीस. मी त्याला कायदा सांगितला. तो म्हणाला, "अंकल, सीरियसली?" मी म्हटलं, "सहा महिने मी आत बसणार, तू नाही." पुढच्या रविवारी तो वडिलांना घेऊन आला.

गौडर हे भारदस्त गृहस्थ, देवनहळ्ळीकडे द्राक्षांचा मळा. कायदा ऐकून त्यांनी मान डोलावली. कोणीतरी त्यांच्या मुलाला काहीतरी नाकारलं ह्याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं. मग सहज म्हणून त्यांनी 'हाउस ऑफ मिस्टरी' उघडला. मुलगा मोबाइल बघू लागला, बायकोने कॉफी आणली, कॉफी गार झाली. गौडर एका पानावर थबकले, खिडकीकडे बघून आले आणि पुन्हा त्याच पानावर बसले. घरात असल्या वस्तू नेणं आईला चालणार नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं. त्यांची आई ब्याऐंशी वर्षांची, घरीच असते.

मग त्यांच्या हाती ९२वा अंक आला. शाळेतल्या हिंदीच्या जोरावर त्यांनी ती दोन लाल अक्षरं... जोडाक्षर धरून तीन... बोट ठेवून वाचली. चेहरा उजळला. हा चालेल, म्हणाले, हा देवघराशेजारी ठेवला तरी चालेल. मुलाने सांगितलेल्या आकड्यावर त्यांनी घासाघीस केली नाही. आजीने राखलेले सगळेच अंक त्यांनी बाजूला काढले आणि उरलेल्या कोऱ्या, निर्दोष, चांगल्या गुणांच्या गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सार," ते म्हणाले, "ह्यांच्यावर पण लिहून द्याल का?"

मुलगा ओरडला. मी उठून उभा राहिलो. बायको लाल पेन आणायला आत गेलीसुद्धा होती.