लवकर निघालेलं बरं

"बाबा, तुम्हाला खेळांची आवड आहे ना?" असं जावयाने विचारलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी मान डोलावली आणि २०२४च्या मेमधल्या एका शनिवारी अलाबामातल्या हूव्हर गावी कॉलेजच्या पोरांचं बेसबॉल बघायला जाऊन बसलो. साउथईस्टर्न कॉन्फरन्सची अजिंक्यपद स्पर्धा. करोनाचं २०२० साल सोडलं तर १९९८पासून ती इथेच भरते. लोक मोटारघरं घेऊन येतात, मैदानाशेजारी मुक्काम ठोकतात. जत्राच.

फाटकावर पहिली विकेट हिची पडली. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते. मुलीने हिच्या पर्समधलं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं. रक्तदाबाच्या गोळ्या, इसबगोल आणि माझ्या मधुमेहापासून लपवून ठेवलेल्या चार काजूकतल्या साऱ्या अलाबामाला दिसल्या. मलाही.

इथल्या बॅटी धातूच्या. चेंडू लागला की मोरीत तांब्या पडल्यासारखा ठण्ण आवाज यायचा आणि मी सवयीने हिच्याकडे बघायचो. बाकावरची पोरं सूर्यफुलाच्या बिया चघळत टरफलं जागच्या जागी थुंकत होती. टिळकांची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसावी.

"जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत थेट जागा," जावई म्हणाला. "पण इथल्या बऱ्याच संघांना हंगामातल्या कामगिरीवर तशीही जागा मिळतेच. म्हणून प्रशिक्षक भरवशाचा पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात."

म्हणजे याद्या झालेल्या घरी पुन्हा कांदेपोहे, आणि तेही कान तुटलेल्या कपातल्या चहाबरोबर. चांगल्या कपबश्या कपाटात. तरी लुइझियानाहून आलेली जांभळ्या-सोनेरी शर्टांतली मंडळी अशी ओरडत होती, जणू मुलगी त्यांचीच.

त्यांची लुइझियाना स्टेट साउथ कॅरोलायनाकडून आठ धावांनी मागे पडली आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. माझी एक जुनी सवय आहे. सभागृह असो की मांडव, गर्दी उठायच्या आत मी उठतो. दादरला पाहिलेल्या एकाही रहस्यनाटकाचा शेवट मला ठाऊक नाही. शेवटच्या लोकलपायी माझे सगळे खुनी अजून मोकाट आहेत.

"निघू या," मी म्हणालो. "पार्किंगमध्ये अडकू."

"बाबा, बेसबॉलला घड्याळ नसतं. शेवटचा गडी बाद होईपर्यंत काहीही होतं."

"दहाचा फरक पडला की सातव्या डावानंतर तुम्हीच सामना आवरता ना? मग आठ काय आणि दहा काय!"

सासऱ्याशी वाद घालायचा नसतो, हे त्याला कुणीतरी चांगलं शिकवलेलं होतं. तो उठला. मागे वळून बघत बघत, पण उठला.

घरी चहा झाला. सगळ्यांना कळेपर्यंत मी एक काजूकतलीही उरकली. जावई फोनकडे एकटक बघत होता. मग त्याने तो माझ्यापुढे धरला. लुइझियाना स्टेट विजयी, १२-११, दहाव्या डावात. शेवटच्या फटक्यावर होम रन.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तो अतिशय अदबीने म्हणाला,

"पार्किंग मात्र अगदी मोकळं होतं, बाबा."