कोरेगावात गोड बातमी

कोरेगाव म्हटलं की पुणेकर विचारतात, "पार्क की भीमा?" दोन्ही नाही. आमचं कोरेगाव सातारा जिल्ह्यातलं, पुणे-मिरज रेल्वेमार्गावर साताऱ्याच्या पुढचं स्टेशन. तिथे आमची आत्या राहते. पुतण्याची नवी बायको लंडनची. तिला आत्याकडे न्यायचं ठरलं आणि पुतण्याला नेमकं त्याच दिवशी ऑफिसचं काम निघालं. दुभाष्या म्हणून माझी एकमताने निवड झाली, कारण शाळेत व्याकरणात माझे मार्क चांगले होते. पॅसिव्ह व्हॉइस मी आजही झोपेत करून दाखवीन. जागेपणी बोलायचं म्हटलं की पंचाईत.

गाडीत सूनबाईला चहा विचारला. म्हणाली, "आय ॲम गुड." तिच्या चांगुलपणावर कुणी शंका घेतली नव्हती. चहावाल्याला मात्र ते बरोबर समजलं. तो पुढच्या बाकाकडे वळला. जरंडेश्वराचा डोंगर खिडकीतून गेला, तेव्हा वरच्या मारुतीला मी मनातल्या मनात हात जोडले.

आत्याने पाहुणीसाठी ठेवणीतली किटली काढली होती. लग्नाच्या गप्पा झाल्या, तशी सूनबाई उठली, किटलीला हात घातला आणि म्हणाली, "शॅल आय बी मदर?"

"काय म्हणती रं?"

"विचारते, मी आई होऊ का?"

आत्याने पदर डोळ्याला लावला. "आगं, इचारायचं काय त्यात! कितवा महिना?"

मी विचारलं, "व्हिच मंथ?" तिला वाटलं लग्नाचा. म्हणाली, "मार्च."

आत्याने बोटं मोजली. जुलै चालू होता. "पाचवा लागला की! आन् सांगितलं न्हाई कुणी!"

चहा किटलीतच राहिला. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या सुना आल्या. आत्याचा नातू मोटारसायकलवर साताऱ्याला कंदी पेढे आणायला पिटाळला गेला. सूनबाईपुढे भाकरी, घेवड्याची आमटी आणि तीन तऱ्हांची लोणची आली. ती बिचारी नाही म्हणेना. शेवटी पोटावर हात ठेवून म्हणाली, "आय ॲम स्टफ्ड."

"भरलेली आहे म्हणते," मी सांगितलं.

"देवाची कृपा!" काकू म्हणाल्या.

आत्याने पुतण्याला फोन लावून अभिनंदन केलं. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. "पहिल्या येळंला व्हतंच असं," आत्या म्हणाली.

उलगडा त्यानेच केला. तिकडे किटलीतून सगळ्यांचा चहा ओतायचं काम आईचं, म्हणून जो ओतायला बसेल तो हे वाक्य म्हणतो, मग तो मिशीवाला का असेना. आता हे आम्हाला कोण शिकवणार? आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून झालं. म्हणजे चार वर्षं वाढली, चहा कुठेच आला नाही! शब्दाला शब्द धरला तर माझं भाषांतर चोख होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

ओटीचं ताट तयार होतं. काकू ते उचलू लागल्या, तर आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सून पहिल्यांदा आलीया." ओटी भरताना तिने विचारलं, "हिची आई काय करती?" आई लहानपणीच गेलेली. तेव्हापासून वडिलांचा आणि भावांचा चहा हीच ओतायची, आणि ओतताना रोज तेच वाक्य म्हणायची. हे सांगताना माझं मराठीही अडखळलं. आत्या काही बोलली नाही. तिने चहा पुन्हा गरम केला, किटली सूनबाईच्या हातात दिली आणि आपला कप पुढे केला.

कोरेगावला जाल तर वाघ्या घेवडा जरूर घ्या. दाण्यावर लालसर पट्टे असतात, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि आमटी झकास होते. सोबत इंग्रज पाहुणा असेल तर मात्र चहा आतूनच कपात ओतून आणायला सांगा.