आदी मान्यवर

जिल्ह्यात आधी काहीतरी घडतं आणि मग त्याची बातमी होते, असा आपला समज असतो. आमच्या माहितीसाहेबांकडे बातमी आधी होते. घडायचं की नाही, ते मग पालकमंत्र्यांनी ठरवावं.

माहितीसाहेब म्हणजे जिल्हा माहिती अधिकारी. प्रेसनोटच्या सुरुवातीला गावाचं नाव, तारीख आणि कंसात 'जिमाका' असतं ना, तो जिमाका म्हणजे त्यांचं जिल्हा माहिती कार्यालय. पण लोकांचा 'अधिकार' आणि 'अधिकारी' यांत गोंधळ होतो. 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आल्यापासून दहा रुपयांचं तिकीट लावलेला अर्ज घेऊन कोणी ना कोणी येतो आणि गल्लीतल्या गटाराचं बिल मागतो. साहेब त्याला नगरपालिकेचा रस्ता दाखवतात. चहा पाजून, कारण तोही एखाद्या साप्ताहिकाचा संपादक निघू शकतो.

कार्यालयात मंजूर पदांचा फळा आहे. त्यावर सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी 'रिक्त'. तो एकाच वेळी माहिती सहायक, छायाचित्रकार आणि लिपिक म्हणून काम पाहतो. त्यामुळे फोटो चालक काढतो आणि कात्रणं शिपाई कापतो. शिपायाची बातमीची जाण दांडगी. "साहेब, आज तीन आपल्या बाजूच्या, पाच विरोधात. कलेक्टरसाहेबांना आधी कुठल्या दाखवू?"

साहेबांच्या भाषेत क्रियापदांनाही पदश्रेणी आहे. मंत्री 'ग्वाही' देतात, जिल्हाधिकारी 'निर्देश' देतात, तहसीलदार 'आवाहन' करतात आणि जनता फक्त 'लाभ घेते'. नुसतं 'म्हणाले' हे ज्याची बदली झाली आहे त्याच्यासाठी. नावांचा क्रम चुकणं मात्र महापाप. आमदारांचं नाव खासदारांच्या आधी पडलं त्या रात्री साहेबांचा फोन पहाटेपर्यंत वाजत होता.

एकदा पावसामुळे पालकमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडालंच नाही. भाषणाची प्रेसनोट मात्र दुपारीच उडाली होती. दुसऱ्या दिवशी दोन दैनिकांत भाषण छापून आलं. मंत्र्यांनी फोन केला. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पलीकडून आवाज आला, "चांगलं बोललो की हो मी!"

घरीही तीच सवय. लग्नाहून परतल्यावर वहिनींनी विचारलं, "कोण कोण आलं होतं हो?" साहेब म्हणाले, "थोरले मामा, धाकटे मामा, दोन्ही आत्या आदी मान्यवर." "आणि माझी आई?" साहेब गप्प. वहिनी आठवडाभर खुलासा मागत होत्या.

परवा साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाला जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले. चालक रजेवर होता, म्हणून फोटो साहेबांनीच काढला. प्रेसनोटही त्यांनीच लिहिली. नव्या माणसाची ऑर्डर निघायची होती. सकाळी बातमी आली. जागा कमी पडल्यामुळे उपसंपादकाने शेवटचा परिच्छेद कापला होता, आणि सत्कारमूर्ती नेमके त्याच परिच्छेदात होते. हयातभर मोठ्यांची नावं आधी लिहायची सवय, स्वतःपर्यंत पोचायला उशीर झाला. उरलं होतं ते एवढंच : 'जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आदी मान्यवर उपस्थित होते.'

साहेबांनी ते कात्रण स्वतः कापलं, फायलीत चिकटवलं आणि लाल पेन्सिलीने 'आदी'खाली एक रेघ ओढली. मग समासात लिहिलं, 'आपल्या बाजूची.'