धर्माच्या गायीचे दात

'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण रचणारा नक्कीच गाय देणाऱ्यांपैकी असणार. घेणाऱ्याने रचली असती, तर दातांची चौकशी आधी आणि हळदकुंकू नंतर झालं असतं. महाप्रसादाच्या स्वयंपाकात अन्न सुरक्षा अधिकारी डोकावला की हीच म्हण निरनिराळ्या आवाजांत ऐकू येते. आम्ही काय धंदा करतो? फुकट वाढतो, त्यात तपासायचं काय? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हॉटेलापेक्षा अन्नदानाची तपासणी कडक हवी. हॉटेलात भाजी आंबूस लागली तर गिऱ्हाईक वेटरवर ओरडतं, बिलावरून भांडतं आणि घरी जाऊन चार जणांना सांगतं. पैसे मोजले की नाक तिखट होतं. पंगतीत तेच नाक भाविक होतं. आंबूस लागलं तर 'ताक घातलं असेल' अशी माणूस स्वतःची समजूत घालतो, आणि द्रोण तसाच ठेवून उठू लागला तर शेजारच्या आजी 'प्रसाद टाकू नये हो' म्हणून त्याला पुन्हा बसवतात. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या वतीने नको म्हणणारा कुणीतरी हवाच. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानेही व्याख्येतच सांगून टाकलंय, की व्यवसाय नफ्याचा असो वा बिननफ्याचा, कायदा लागू.

देवाच्या नावाने शिजलेलं बाधत नाही, हा पहिला आक्षेप. तो माणसांनी घेतलेला आहे, जंतूंनी नव्हे. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात. त्यांचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. पहाटे उतरवलेला मसालेभात आरतीपर्यंत, आरतीनंतर आमदारसाहेब येईपर्यंत आणि ते आल्यावर भाषण संपेपर्यंत टोपात कोमट राहिला, की या जंतूंचाही उत्सव सुरू होतो. ६० अंशांच्या वर अन्न गरम ठेवा, असं शास्त्र सांगतं. आपल्याकडे गरम असतं ते भाषण. 'पुन्हा एक उकळी काढू' हा आचाऱ्याचा दिलासाही पोकळ, कारण भातात एकदा तयार झालेलं जंतूंचं उलट्या करवणारं विष उकळीने जात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातल्या एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. सलाइनच्या बाटल्या झाडांना बांधलेल्या दोरीवर टांगाव्या लागल्या. भक्तीत तिथे कुणी कमी पडलं होतं असं कोण म्हणेल?

पूर्वीच्या पंगतींत कुठे कुणाला काय झालं, असं जुनी माणसं विचारतात. झालं असणार, पण त्याला दृष्ट लागणं म्हणत. शिवाय त्या पंगतीत चुलीवरून उतरलेला भात थेट पानात यायचा. आता हजारोंचा स्वयंपाक एका ठिकाणी आणि वाढप दुसऱ्या ठिकाणी. मधला प्रवास उघड्या टेम्पोतून. कागदपत्रांच्या कटकटीने अन्नदान बंद पडेल, ही भीती मात्र मला हसवते. २०११ च्या नियमांत छोट्यांच्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली गेली. शुभेच्छुकांच्या फ्लेक्सवर एक चेहरा वाढवायलासुद्धा याहून जास्त लागतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे. नमुना प्रयोगशाळेत पोचला, की कायद्याने अहवालाला १४ दिवस मिळतात. तोवर गणपती विसर्जित, मांडव उतरलेला आणि प्रसाद पचलेला, किंवा न पचलेला. म्हणून अधिकाऱ्याने बरणीत भाजी भरून नेण्यापेक्षा आदल्या दिवशी येऊन पाणी कुठलं, आचाऱ्याच्या बोटाला जखम आहे का, झाकणं आहेत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. आणि शाळेच्या पोषण आहारातला एक नियम उचलावा: मुलांच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची. मंडळाच्या अध्यक्षांनी आणि प्रमुख पाहुण्यांनी सर्वांसमोर पहिलं पान घ्यावं. तेवढ्यात जंतू काही बोलणार नाहीत, हे मान्य. पण आपल्यालाच जेवायचंय हे आदल्या रात्री कळलं, की टोपावरची झाकणं आपोआप सापडतात. त्या दिवशी नेमका किती अध्यक्षांना उपास निघतो, तेही कळेल. निघाला तर भगर आहेच.