पिन ओढण्यापूर्वी शब्दकोश उघडा

सोसायटीच्या जिन्यातल्या लाल नळकांड्यावर ‘एबीसी’ लिहिलेले असते. ती बालवाडीची मुळाक्षरे नव्हेत, आगीचे वर्ग आहेत. आपल्याकडे ए म्हणजे लाकूड-कागद, बी म्हणजे तेल-पेट्रोल, सी म्हणजे गॅस. अमेरिकेत मात्र सी म्हणजे विजेची आग. धुरात खोकणाऱ्याने आधी देश आठवावा, मग पिन ओढावी. मराठीकरणाने सुटका होईल म्हणावे, तर अग्निशमन, अग्निशामक, अग्निरोधक, अग्निप्रतिबंधक ही भावंडे पाट्यांवर एकमेकांचे कपडे घालून उभी. लोकांनी ‘बंब’ कधीच पक्का केला. अंघोळीचे पाणी तापवणाराही बंबच, पण घोटाळा कुणाचा होत नाही.

परिभाषा काटेकोर हवी, असे तज्ज्ञ म्हणतील. खरेच आहे, पेटत्या तेलावर पाणी मारले तर भडका उडतो. पण तो भेद ‘तेलावर पाणी नको’ एवढ्यात मावतो. नळकांड्यावरची भाषा विझवणाऱ्यासाठी नाहीच, ती तपासणाऱ्यासाठी आहे. राज्याच्या 2006 च्या कायद्यानुसार आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. दाखला यंत्रणेचा असतो, ती वापरणाऱ्यांचा नव्हे.