पद कमी, पदव्या जास्त

संगीत रंगभूमीच्या इतिहासावरचा एका वाहिनीचा माहितीपट सर्वांनी एकमुखाने नावाजला, हे योग्यच झाले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने मांडलेला पसारा तासाभरात आवरायचा, त्यातून जाहिराती वजा, हे काही सोपे काम नव्हे. पूर्वी वन्समोअरच्या नादात नाटके रात्रभर लांबत. तो अपव्यय इथे कटाक्षाने टाळला आहे. ऑर्गनचा सूर लागतो, गायक ‘आ’ करतो आणि तेवढ्यात तज्ज्ञ सांगू लागतात, हे पद किती अवीट होते! बालगंधर्वांची तान तर निवेदिकेच्या पैठणीवरून कॅमेरा फिरेपर्यंत आटोपलीसुद्धा. (पैठणीबद्दलही मत चांगलेच आहे.) १९२१च्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व आणि केशवराव भोसले असे दोघेच एकत्र आले होते, इथे पाच-पाच जाणकार एकदम बोलतात.

काही जुन्या खोडांनी गाणी अर्धवट तोडल्याची कुरकुर केली. वाहिनीने ती मनावर घेतली असावी, कारण पुढच्या भागात गाणीच नाहीत.

अथपासून इतिपर्यंत ऐकवलेले पद एकच, प्रायोजकाच्या मसाल्याचे. त्याला वन्समोअर दर दहा मिनिटांनी मिळाला.