विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील

आमच्या अभ्यासक्रमाचं नाव आधी डी.एड. होतं, मग डी.टी.एड. झालं, आता डी.एल.एड. आहे. टाचणवही मात्र तीच. तिच्या एका रकान्यात 'अध्यापक कृती' लिहायची, शेजारी 'विद्यार्थी कृती'. या दुसऱ्या रकान्यातलं जग फार सुखी आहे. तिथे विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील, निरीक्षण करतील, अचूक उत्तर देतील. 'खिडकीबाहेर बघतील' असं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

या वह्यांच्या मालकांना मी भूमिती आणि सांख्यिकी शिकवतो. बरेचसे बारावी कला शाखेतून आलेले. दहावीचा भूमितीचा पेपर संपला त्या दिवशी कंपासपेटी धाकट्या भावंडाला देऊन टाकलेली असते; ती आता परत मागून आणतात. तिच्यातली गुण्यांची जोडी कोरी करकरीत. पायथागोरसचं प्रमेय यांना झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, पण फळ्यावर त्रिकोण टोकावर उभा काढला की म्हणतात, "सर, उलटा काढलात."

पुठ्ठ्याचा चौरस सरळ धरला की सगळे एका सुरात 'चौरस' म्हणतात. तोच फिरवून कोपऱ्यावर उभा केला की 'समभुज चौकोन', आणि मागच्या बाकावरून 'शंकरपाळी'. मी विचारतो, फिरवताना नेमका कितव्या अंशाला हा चौरस राहायचा थांबला? यावर गांभीर्याने चर्चा होते. वीस अंशवाल्यांचा एक पक्ष, तीसवाल्यांचा दुसरा. एकदा एका मुलाने मान वाकडी करून जाहीर केलं, "सर, असं बघितलं तर अजून चौरसच आहे." ताबडतोब सगळ्या वर्गाने माना वाकड्या केल्या. प्राचार्य नेमके तेव्हाच व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी आत पाहिलं आणि काहीही न विचारता पुढे गेले. अनुभवी माणूस.

आमच्या या तिढ्याचा विचार डीना आणि पिएर व्हॅन हील या डच शिक्षक जोडप्याने फार आधी करून ठेवलाय. दोघांनी १९५७ साली युट्रेक्ट विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले. (एकाच घरात दोन प्रबंध, आणि दोन्ही भूमिती शिकवण्यावर. जेवताना काय बोलत असतील?) त्यांचं म्हणणं असं की, पहिल्या पायरीवर मूल आकृती तोंडवळ्यावरून ओळखतं, बाजू आणि कोन दुसऱ्या पायरीवर पाहू लागतं, आणि आकृत्यांची आपापसातली नाती तिसऱ्या पायरीवर उमगतात. वरच्या पायरीवरून बोलणाऱ्या गुरुजींचं खालच्यांना काही समजत नाही, हेही त्यांनी सांगितलंय. 'प्रत्येक चौरस हा आयत असतो' असं म्हटल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती हीच. ती एका विवाहित विद्यार्थिनीने फोडली. "म्हणजे सर, प्रत्येक सासू ही कुणाची तरी सून असते, पण प्रत्येक सून सासू नसते." हे युट्रेक्टला सुचलं नसतं.

परिमितीसाठी मी सुतळी नेतो. २४ फूट सुतळीचा ६ बाय ६ चा चौरस केला की आत ३६ चौरस फूट. तीच सुतळी ११ बाय १ अशी ताणली की ११. लगेच आरोप होतो, "सर, मधेच सुतळी आखूड केलीत." लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतल्या २३ शिक्षकांना विचारलं होतं की, परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं, असा शोध तुमच्या वर्गातल्या मुलाने लावला तर काय म्हणाल? काहींचं उत्तर, पुस्तकात बघावं लागेल. आमचे लोक निदान सुतळीवर संशय घेतात.

सांख्यिकीत बेरीज-भागाकार चोख असतो, भानगड त्यानंतर सुरू होते. पाच जणांना घरून कॉलेजात यायला लागणारी मिनिटं फळ्यावर लिहिली: ५, १०, १०, १५ आणि ११०. शेवटची एसटीने येणारी. सरासरी ३०. "३० मिनिटं कुणाला लागतात, हात वर करा." एकही हात नाही. "मग हे ३० कुणाचे?" एसटीवाली उसळून म्हणाली, "सर, माझे नाहीत. मी पाचला उठते." मध्यक १०, बहुलकही १०, तिला दोन्ही मान्य नव्हते. माझ्या मते तिचा राग हाच त्या दिवशीचा सगळ्यात चांगला पाठ होता. बाकीचे चमकी लावून स्तंभालेख सजवत होते. एकाने उपस्थितीचा आलेख ९० टक्क्यांपासून सुरू केला, त्यामुळे सोमवारचे ९४ मंगळवारच्या ९२ च्या दुप्पट उंच दिसले. हा मुलगा मुख्याध्यापक होणार.

सराव पाठाला जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो की दुसऱ्या रकान्याची परीक्षा होते. एका छात्राध्यापिकेने थर्माकोलचं वर्तुळ उंच धरून विचारलं, "हे काय आहे?" सगळा वर्ग ओरडला, "थर्माकोल!" ती डगमगली नाही. कागदी चौरस वाटले, कात्र्या वाटल्या. "चौरसाला कोपरे किती? चार. आता एक कोपरा कापला तर उरले किती?" तिच्या टाचणात लिहिलं होतं, 'विद्यार्थी उत्तर देतील : तीन'. पुढच्या रांगेतल्या मुलीने कोपरा कापला, बोट लावून मोजलं आणि म्हणाली, "बाई, पाच."

बाईंनी वहीत पाहिलं, मग मागे बसलेल्या माझ्याकडे. मी निरीक्षण तक्त्यात तोंड खुपसलं. तेवढ्यात त्या मुलीने दुसरा कोपरा उडवला.

"आता सहा झाले, बाई. अजून कापू?"

कात्री काढून घेऊ का, असं बाईंनी मला खुणेने विचारलं. मी खुणेनेच नको म्हटलं.